दाण्यांचे आइस्क्रीम

दुधात पाणी घालणारा गवळी हा आपल्या थट्टेचा हक्काचा विषय. पण ज्यांच्या पुढाकाराने १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली, त्या दारा खुरोडींनी मुंबईकरांसाठी हेच उघडपणे केले! म्हशीच्या दुधात पाणी आणि सोबत साय काढलेल्या दुधाची भुकटी. स्निग्धांश उतरला, प्रथिने टिकली, दूध स्वस्त झाले. हेच 'टोन्ड' दूध.

घरच्या आइस्क्रीमलाही हीच भुकटी तारते. आमचा पहिला प्रयत्न तिच्यावाचून झाला. दातांखाली नुसता बर्फ कचकचला.

अर्धा लिटर कोमट म्हशीच्या दुधात ५० ग्रॅम भुकटी व ८० ग्रॅम साखर विरघळवून उकळी आणावी, निववावे. १०० ग्रॅम दाणे भाजून, सोलून, तेल सुटेपर्यंत वाटावेत (पाट्यावर वाटल्यास व्यायाम फुकट) आणि दुधात एकजीव करावेत. डबा बर्फ व जाड्या मिठात ठेवून ढवळत राहावे. मिठाने बर्फाचे तापमान शून्याखाली जाते. ढवळल्याने स्फटिक बारीक राहतात, आणि भुकटीतील प्रथिने पाणी धरून ठेवतात.

दाण्यांत लायसिन कमी, दुधात भरपूर. म्हणून जोडी जमते. सहा वाट्या केल्यास माणशी सुमारे १० ग्रॅम प्रथिने पडतात. खानावळीतल्या पातळ वरणाशी तुलना वाचकांनीच करावी.