हसवणाऱ्याचा श्वास

गणेशोत्सवाला आठ दिवस राहिले होते. दवाखाना बंद करायच्या वेळी ओळखीचा एक तरुण शिक्षक आला. मंडळाच्या कार्यक्रमात त्याला पाऊण तासाचा विनोदी एकपात्री प्रयोग करायचा होता. आजकालची मुले ज्याला स्टँडअप कॉमेडी म्हणतात, तसाच काहीसा प्रकार.

"डॉक्टरकाका, माइकसमोर गेलो की छाती धडधडते, हात कापतात. मित्राने ही गोळी दिली आहे. तासभर आधी घेतली की भीती वाटत नाही म्हणे. घेऊ का?"

गोळी प्रोप्रानोलॉलची होती. तिच्यामुळे हृदयाचे ठोके मंदावतात, हातांचा कंप कमी होतो, म्हणून काही कलावंत डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेतातही. पण या मुलाला लहानपणापासून दमा आहे. हीच गोळी श्वासनलिका आवळते. दम्याच्या रोग्याला तिच्यामुळे जिवावरचा झटका येऊ शकतो, आणि अशा वेळी नेहमीचा पंपही पुरेसे काम देत नाही. मी गोळी काढून घेतली आणि त्याला समोर बसवले.

रंगमंचावरची धडधड हा आजार नव्हे. अनेक डोळे आपल्यावर रोखले गेले की शरीर त्याला संकट समजते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतात. ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, तळहात गार पडतात. बहुतेकांच्या बाबतीत हा जोर सुरुवातीच्या काही मिनिटांतच ओसरू लागतो. म्हणून मी त्याला सांगितले, "पहिली चार वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी पाठ कर. आत जाण्यापूर्वी नाकाने सावकाश श्वास घे आणि त्याहून सावकाश सोड. असे दहा वेळा कर." सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते.

आता हसणाऱ्यांचे पाहू. हसू हे बाहेर सोडलेल्या श्वासाचे तुकडे आहेत. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू हिसके देतात आणि सेकंदाला सुमारे पाच वेळा 'हा' उमटतो. खळखळून हसणाऱ्या माणसाला पुढचे वाक्य ऐकू येत नाही. म्हणून हशा चालू असताना बोलू नये आणि तो ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकावे. तेवढ्या वेळात बोलणाऱ्यालाही पुरता श्वास मिळतो. दमेकऱ्याला तर हा विराम म्हणजे औषधच.

विनोदात श्रोत्याचे मन एका वाटेने निघते आणि अचानक दुसरीकडे वळते. ज्या शब्दाने हे वळण येते, तो वाक्याच्या अगदी शेवटी हवा. त्याच्यापुढे एक अक्षरही जोडले तर हशा मरतो. "आणि नेमकी गंमत अशी की" ही सुरुवात तर त्याला मी खोडायलाच लावली.

हसणे संसर्गजन्य आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले की, माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे 30 पट चारचौघांत हसतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी सहकाऱ्यांसह 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मनमुराद हसल्यानंतर माणसांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. म्हणूनच विखुरलेल्या खुर्च्यांत चांगला विनोदही पडतो. लोकांना पुढे बोलावून जवळजवळ बसवावे.

राहिला आवाज. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये 52 पात्रे रंगवीत. पात्र बदलताना घसा ताणण्याची गरज नसते. बोलण्याचा वेग, मानेचा कल आणि नजर बदलली तरी माणूस बदलतो. तालमीत मधूनमधून कोमट पाणी प्यावे. घसा बसला तर कुजबुजून बोलण्यापेक्षा गप्प राहावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर मात्र घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

प्रयोगाच्या रात्री मी तिसऱ्या रांगेत होतो. पहिला विनोद पडला. मुलगा थांबला, पाण्याचा घोट घेतला आणि घाई न करता पुढे गेला. दुसऱ्या विनोदाला मागच्या बाकांवरून हशा आला. नंतरची अर्धी वेळ त्याला नुसते थांबूनच राहावे लागले. पंप खिशात होता, तो लागला नाही.

"धडधडले का रे?" मी नंतर विचारले.

"धडधडले ना काका. पण मी बोलत राहिलो."

वाचकहो, सभेत बोलायचे असो, मुलाखत असो की परीक्षा, भीतीवर उसनी गोळी घेऊ नका. ही गोळी दमेकऱ्यांना तर घातक आहेच. ज्यांचे ठोके मुळात मंद आहेत त्यांनाही ती धोक्याची आहे, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये साखर उतरल्याची धडधड व कंप ही लक्षणे ती झाकून टाकते. भीती रोजचे काम अडवू लागली तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यावर उपचार आहेत, पण ते तुमची प्रकृती पाहून ठरवावे लागतात.