एक चूक, तीन जबान्या

ग्राहकाचं नाव दाखवायचं आहे, पण सर्व्हरकडून ग्राहकाची नोंदच आलेली नाही. क्रोम म्हणतो, 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड'. सफारी म्हणतो, 'अनडिफाइन्ड इज नॉट अ‍ॅन ऑब्जेक्ट'. फायरफॉक्स थेट व्हेरिएबलचं नाव घेऊन ते अनडिफाइन्ड असल्याचं सांगतो. तिघांच्याही लेखी प्रकार एकच, 'टाइपएरर'. शब्द मात्र ज्याचे त्याचे.

याची मुळं जुनी आहेत. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये आपली 'जेस्क्रिप्ट' आणली. १९९७ च्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत ट्राय-कॅच नव्हतंच. ते डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. त्या आवृत्तीने एररचे प्रकार ठरवले, पण संदेशाचा मजकूर ब्राउझरवर सोडला. माझ्या मते पुढच्या बहुतेक कटकटीचं मूळ इथंच आहे.

स्टॅक, म्हणजे चूक कुठल्या फंक्शनांतून वर आली त्याची यादी, तर त्या प्रमाणात नव्हताच. क्रोम प्रत्येक ओळ 'अ‍ॅट'ने सुरू करतो, फायरफॉक्स आणि सफारी फंक्शनचं नाव आणि पत्ता यांच्यामध्ये '@' घालतात. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आवृत्ती १० च्या आधी स्टॅक नव्हता. आला तोही एरर प्रत्यक्ष 'थ्रो' झाल्यावरच भरायचा. हे सगळं एका साच्यात बसवायला 'ट्रेसकिट'सारख्या लायब्ऱ्या लिहाव्या लागल्या.

कुठेच न पकडलेल्या चुकांसाठी शेवटची जाळी म्हणजे 'विंडो.ऑनएरर'. त्यात 'ट्रू' परत केलं की ब्राउझर गप्प बसतो. बाकीच्या इव्हेंटांना थांबवायला 'फॉल्स' लागतं. असला उलटा रिवाज कुणाला सुचला देव जाणे! शिवाय स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून आली असेल तर हाती नुसतं 'स्क्रिप्ट एरर' लागतं. त्या डोमेनवरची माहिती फुटू नये म्हणून ही सावधगिरी, आणि ती रास्तच आहे. उपाय म्हणून स्क्रिप्टच्या टॅगला 'क्रॉसओरिजिन' जोडायचं आणि सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवायचा. पहिलं करून दुसरं विसरलात तर स्क्रिप्ट चालतच नाही.

प्रॉमिस आल्यावर या जाळीलाही भोक पडलं. न पकडलेलं रिजेक्शन ऑनएररपर्यंत पोचत नाही. त्याला 'अनहँडल्डरिजेक्शन' हा वेगळा इव्हेंट लागतो. तो क्रोममध्ये २०१६ साली आला, फायरफॉक्समध्ये २०१९ साली.

म्हणून कोडमध्ये संदेशाच्या मजकुरावर 'इफ' लिहू नये. प्रकार बघावा, आपल्या चुकांना आपलं 'नेम' द्यावं, आणि नुसती स्ट्रिंग कधीही थ्रो करू नये, कारण तिच्यासोबत स्टॅक येत नाही. मजकुराचा तर भरवसाच नाही: इंटरनेट एक्सप्लोरर संदेश विंडोजच्या भाषेत द्यायचा, जर्मन यंत्रावर जर्मनमध्ये. क्रोमनेही २०२१ मध्ये 'प्रॉपर्टी'चं 'प्रॉपर्टीज' केलं आणि वाक्याची मांडणी बदलली. जे लॉग मजकुरावरून चुका मोजत होते, त्यांच्यात जुनीच चूक नवी म्हणून उगवली.