सांधे आणि जोड (लेखांक 7) : आटे गेले, की पिन दबली?

गेल्या आठवड्यात आपण नळाच्या आट्यांपाशी थांबलो होतो. तिथे आटे झिजले तरी टेफ्लॉन टेपचे चार वेढे देऊन भागतं, कारण पाणी बाहेर येऊ नये एवढंच त्या सांध्याकडून हवं असतं. आजच्या सांध्यावर मात्र दोन कामं आहेत. ई-सिगारेटची बॅटरी आणि वरची टाकी यांच्यामधले आटे टाकी धरून ठेवतात आणि वीजही वाहून नेतात. इथे टेप गुंडाळली तर विजेच्याच वाटेत अडसर.

भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. त्यामुळे ही दुरुस्ती आपल्याकडच्या मोबाइलच्या दुकानात दिसायची नाही, आणि ते बरंच आहे. ब्रिटनमध्ये 1 जून 2025पासून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी आली. आता तिथे पुन्हा भरायची उपकरणंच विकता येतात. त्यांपैकी ज्यांची टाकी फिरवून बसते, त्यांच्यात हा सांधा हमखास सापडतो.

त्याला सगळे ‘510’ म्हणतात. ‘जॉय 510’ या चिनी उपकरणावरून ते नाव रुळलं. व्यास 7 मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर फक्त अर्धा मिलिमीटर. आट्यांची धातूची भिंत ऋण टोक, मधली पिन धन टोक आणि दोघांच्या मध्ये एक इन्सुलेटरची चकती. टाकी बहुधा स्टेनलेस स्टीलची आणि खालचा कनेक्टर पुष्कळदा पितळेचा. मऊ धातू आधी झिजतो. टाकी घाईने लावली की आटा तिरका चढतो, आणि मग दर वेळी थोडा थोडा कापला जातो. आट्याची उंचीच जेमतेम 0.3 मिलिमीटर, कापायला उरणार किती?

तरीही ‘आटे गेले’ या तक्रारीवर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. पडद्यावर टाकी लागलेलीच नाही असं दिसतं, माणूस ती आणखी आवळतो, आणि त्या जोराने मधली पिन खाली दबते. पिन टाकीला टेकतच नाही, म्हणून तो पुन्हा आवळतो. या खेळात आट्यांचाही जीव जातो, पण सुरुवात पिनेपासून झालेली असते. म्हणून सेल काढून ठेवायचा (तो आतच बसवलेला असेल तर उपकरण बंद करायचं) आणि पहिल्यांदा पिन पाहायची. स्प्रिंगची असेल तर दाबून सोडल्यावर ती वर यायला हवी. साधी असेल तर लाकडी टूथपिकने हळूच किंचित वर घ्यायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने आटे पुसायचे. गळलेल्या द्रवातलं ग्लिसरीन चिकट असतं, त्यात धूळ बसते आणि पुष्कळदा तीच झीज वाटते.

हा मळ नुसता दिसायला वाईट नाही. 0.2 ओहमची कॉइल 40 वॅटवर चालवली तर सांध्यातून सुमारे 14 अँपिअर प्रवाह जातो. सांध्यात फक्त 0.02 ओहमचा जादा विरोध आला, तरी जवळपास 4 वॅट उष्णता तिथेच तयार होते. टाकीचं बूड नेहमीपेक्षा जास्त तापू लागलं तर ते कशाचं लक्षण, हे यावरून कळेल.

आटे खरंच बिघडले असतील तर टॅप फिरवून ते सरळ करता येतात, पण लेथवाल्याकडचा नेहमीचा 7 मिलिमीटरचा टॅप चालत नाही. त्याचं अंतर 1 मिलिमीटरचं असतं. तो उरलेसुरले आटेही खाऊन टाकेल. अर्ध्या मिलिमीटरचाच टॅप हवा, आणि पिन व चकती आधी बाहेर काढायला हवी. नाहीतर धातूचा कीस चकतीवर पडून दोन्ही टोकं जोडली जातात. पण टॅप वाकलेला आटा सरळ करतो, झडलेला परत आणत नाही. मग आख्खा कनेक्टरच बदलायचा. तो नटने बसवलेला असेल तर दोन तारांच्या डागकामाचा प्रश्न उरतो. डाग पटकन द्यावा, इन्सुलेटर वितळायला वेळ लागत नाही.

टाकी लावताना ती आधी उलटी फिरवावी, आटा जागेवर बसल्याचा हलका ठोका लागला की सुलटी. टेकली की थांबावं.

एका जातीच्या उपकरणाला मात्र यातलं काहीच लागू नाही. ज्यात नियंत्रणाचं सर्किटच नसतं आणि टाकीची पिन थेट सेलवर टेकते, तिथे पिन आट्यांच्या पुढे आलेली नसेल तर आट्यांचीच कड सेलच्या धन टोकाला लागते. तो सरळ शॉर्ट; लिथियमचा सेल फुटू शकतो. अशा उपकरणाचे आटे झिजले तर दुरुस्ती करू नये, ते वापरातून काढावं.