आकड्यांपलीकडचे होतकरू
बेसबॉलचे उद्याचे तारे हेरण्यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेत 'ॲरिझोना फॉल लीग' सुरू झाली. मेजर लीगचे तीसही संघ आपले होतकरू खेळाडू शरद ऋतूत येथील सहा संघांत विभागून पाठवतात. मात्र येथील आकडे फसवे असतात. स्कॉट्सडेल संघाकडून १९९४ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची फलंदाजीची सरासरी ०.२५२ होती, तर २०११ मध्ये माइक ट्राउटची ०.२४५! पण जॉर्डन तेव्हा एकतीस वर्षांचा होता, ट्राउट अवघा वीस. जॉर्डन मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. ट्राउट २०१२ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. सहा-सात आठवड्यांच्या मोसमात सरासरी नशिबावरही हेलकावते. म्हणूनच जाणकार धावफलकाआधी खेळाडूचे वय, चेंडूची पारख आणि फटक्यातील ताकद पाहतात.