गोंदलेली सनद

आश्रयाची सनद ‘हयातभर’ म्हणून मिळते; पण हयात कुणाची, हे तीत लिहिलेले नसते. याचा पडताळा मला दूर अमेरिकेत, एका उपाहारगृहात आला.

ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळ लेकवुड गावी 2006 साली मॅट फिश या गृहस्थाने ‘मेल्ट’ नावाचे उपाहारगृह व मद्यगृह काढले. पदार्थ साधाच: पावाच्या दोन कापांत चीज घालून तव्यावर खरपूस भाजावयाचे. पण येथे त्यात पिएरोगी, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, आणि आंबवलेला कोबीही घालीत. पूर्व युरोपातून त्या भागात येऊन वसलेल्यांची ही चव.

तेथे स्थायिक झालेल्या एका शिष्याने मला जेवावयास नेले. पदार्थांची यादी आली ती जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर डकविलेली! आतले गाणे कोठे गेले असेल, हे गाणे शिकविणाऱ्याच्या मनात यावयाचेच. पाव मात्र बोटे चाटीत संपविला.

तेथील एक प्रथा मोठी नवलाची. भाजल्या पावाचे चित्र जो अंगावर गोंदवून घेई, त्याला जन्मभर 25 टक्के सवलत. शेकडोंनी गोंदविले. पुढे शाखा वाढल्या, एकामागून एक मिटल्या, आणि 2024 साली दिवाळखोरीचा अर्ज झाला. गोंदण तेवढे उरले.

वडील तरुणपणी बडोद्याच्या कलावंत कारखान्यात होते. 1949 साली संस्थान विलीन झाले. गळ्यातले गाणे झाले नाही. तेच मी मुलांना शिकवितो. वाचकहो, त्या गोंदलेल्या मंडळींनीही आता घरी तवा तापवावा, आणि शेजाऱ्याला जेवावयास बोलवावे.