टायर का फुटतो?

नागपूरहून अमरावतीकडे जाताना वाटेत कारंजा (घाडगे) लागते. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डांबर त्याहूनही तापते. अशा वेळी भरल्या ट्रेलरचा टायर धडाडकन फुटला की लोक म्हणतात, “उन्हाने हवा फुगली.”

हिशेब करून पाहू. सकाळी २७ अंशांना टायरमध्ये दर चौरस इंचास १०० पौंड दाबाने हवा भरली. टायर ६७ अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे ११५ होईल. चांगला टायर एवढे सहज सोसतो! खरा गुन्हेगार उलटाच आहे: कमी हवा. असा टायर प्रत्येक फेऱ्यात रस्त्याशी चपटा होतो, पुन्हा गोल होतो. तार भराभर वाकवून सरळ करून पाहा, ती गरम लागेल. तसेच रबर व आतले धागे तापतात आणि एकमेकांपासून सुटतात. म्हणून गरम टायरमधली हवा काढणे हा निव्वळ वेडेपणा! हवा मोजावी ती निघण्यापूर्वी, टायर थंड असताना.

फुटलाच तर एकदम ब्रेक दाबू नये. मागचा ट्रेलर रेटत येऊन आडवा फिरू शकतो. स्टिअरिंग घट्ट व सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, वेग उतरला की गाडी कडेला घ्यावी. जोडचाकातला एक टायर बसल्याचे मात्र चालकाला पुष्कळदा कळतही नाही, आणि शेजारचा बिचारा दोघांचा भार वाहत राहतो.