एकच वाट, चार ऋतू : भिवपुरी ते माथेरान

आपल्या हिजरी महिन्यांना ऋतू नसतो. 'रबी' या शब्दाचा अर्थ वसंत, पण रबीउल अव्वल कधी भर पावसात येतो, तर कधी कडाक्याच्या थंडीत. रमजानच्या नावात उन्हाची काहिली आहे, तरी तो दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. यातही अल्लाहची मोठी हिकमत आहे. लहान दिवसांचे रोजे काही लोकांच्याच वाट्याला आणि लांब दिवसांचे दुसऱ्यांच्याच, असे होत नाही. मात्र त्यामुळे पाऊस कधी, फूल कधी आणि फळ कधी, हे आपल्याला कॅलेंडर सांगत नाही. ते जमिनीवर जाऊनच पाहावे लागते.

मुंब्रा, कल्याण, भिवंडीच्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या मुलांना ऋतू कळतो तो पंखा, छत्री आणि स्वेटर यांच्यावरून. म्हणून आम्ही दोन कुटुंबांनी ठरवले, की दरवेळी नवे ठिकाण शोधण्याऐवजी घराजवळची एकच डोंगरवाट धरायची आणि वर्षातून चार वेळा त्याच वाटेने जायचे. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांनी. आम्ही निवडलेली वाट भिवपुरी रोड स्टेशनहून गारबेटच्या धारेवरून माथेरानला जाते.

वाट कशी आहे?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर नेरळच्या पुढचे स्टेशन भिवपुरी रोड. कल्याणहून लोकलने साधारण पाऊण तास लागतो. स्टेशनच्या पश्चिमेला डिकसळ गाव, पुढे पाली-भूतिवलीचे छोटे धरण, मग चढण आणि सागाची वाडी. तिथून आणखी चढून गेले की गारबेटचे पठार लागते. इथपर्यंत घाम निघतो. पुढची वाट मात्र डोंगराच्या धारेवरून जाते : एका बाजूला उल्हास नदीचे खोरे आणि खेळण्यासारखी दिसणारी लोकल, दुसऱ्या बाजूला माथेरानच्या मुख्य पठाराचे उभे कडे. शेवटी गारबेट पॉइंटवरून झाडीतल्या लाल मातीच्या रस्त्याने अमन लॉज आणि दस्तुरी गाठता येते. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच आहे आणि नेरळ-भिवपुरीचा पायथा जेमतेम काही दशक मीटर, म्हणजे चढ बराच आहे. आमच्या चालीने, थांबत-थांबत, सकाळी साडेसहाला निघालो तर दुपारच्या सुमारास दस्तुरी येते.

ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी आमची वेगळी सोय आहे. मधुमेह असलेले अब्बा आणि गुडघे दुखणारी दादी नेरळहून टॅक्सीने थेट दस्तुरीला येतात. गाड्या तिथपर्यंतच जातात. पुढे माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तिथून ते सावलीतल्या, फारशा चढाच्या नसलेल्या वाटेने गारबेटच्या दिशेने सावकाश चालत येतात आणि आम्ही खालून चढून येतो. मध्येच भेट होते आणि दस्तरखान अंथरला जातो. घरातले कोणी मागे राहत नाही. डोंगर फक्त तरुण मुलांचा, हा समज आम्ही अशा रीतीने मोडला.

पावसाळा

जूनच्या अखेरीस डिकसळच्या शेतांत भाताची लावणी सुरू असते. गुडघाभर चिखलात वाकलेली माणसे पाहिली, की ताटातला भात कुठून येतो हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. डोंगर काळा-हिरवा होतो, कड्यांवरून पांढऱ्या धारा सुटतात, वाटेवर खेकडे फिरतात. पठारावर ढग उतरला, की दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही.

हाच ऋतू सर्वांत देखणा आणि हाच सर्वांत धोक्याचा. दर पावसाळ्यात ओढ्यात, धबधब्यात, कड्यावरून पडून तरुण मुले जीव गमावतात, आणि त्यांत आपल्या मोहल्ल्यांतली मुलेही असतात. म्हणून आमचे नियम कडक आहेत. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घरीच राहायचे. धबधबे आणि धरणांजवळ प्रशासनाचा बंदी आदेश असेल तर तो पाळायचा. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन चढू लागले तर ओलांडायचे नाही, परत फिरायचे किंवा उतार पडेपर्यंत थांबायचे. डोंगरात वर पडलेला पाऊस खाली काही मिनिटांत पोहोचतो. धारेवर वाऱ्याचा जोर असेल तर कडेला जायचे नाही; फोटोसाठी तर नाहीच. मुसळधार पावसाच्या दिवसांत आम्ही चढत नाही, दस्तुरीच्या बाजूने थोडे चालून परततो. आपला जीव ही अल्लाहची अमानत आहे, हे मुलांना इथे प्रत्यक्ष समजावता येते.

पावसाळ्यात मिनी ट्रेनची नेरळ ते अमन लॉज ही मोठी फेरी बंद असते. अमन लॉज ते माथेरान एवढीच गाडी धावते. परतीचा बेत टॅक्सी धरूनच करावा.

पाऊस सरताना

सप्टेंबरच्या शेवटी पठार फुलते. पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा इतका दाट असतो, की पाऊल कुठे ठेवावे हा प्रश्न पडतो. उत्तर सोपे आहे : मळलेल्या वाटेवर. फुलांत बसून फोटो काढला, की तेवढी जागा तुडवली जाते. गवत कमरेएवढे असते आणि त्यात साप असू शकतो, त्यामुळे पायांत बूट आणि हातात काठी हवी.

या डोंगरउतारांवर कारवीची झुडपे आहेत. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या काठ्यांचे कूड करून त्यावर शेणमाती लिंपलेली घरे आदिवासी वाड्यांत पाहायला मिळतात. आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने हिशेब केला, की पुढच्या वेळी कारवी फुलेल तेव्हा आपण कदाचित सासरी असू! 'तरीही यायचे,' असे दादीने तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.

थंडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कुटुंबाने पहिल्यांदा जाण्याचा योग्य काळ. गवत सोनेरी होते, हवा स्वच्छ असते आणि पूर्वेला भीमाशंकरच्या रांगेची भिंत स्पष्ट दिसते. पावसाळ्यात गर्जणाऱ्या ओढ्याच्या जागी कोरडे दगड असतात. 'पाणी कुठे गेले?' हा मुलांचा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यावर जितके बोलावे तितके थोडेच. मेलेल्या जमिनीला पावसाने जिवंत करणे ही निशाणी कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितली आहे. पण जमीन मेलेली आणि जिवंत, दोन्ही रूपांत पाहिल्याशिवाय ती मनात उतरत नाही.

याच दिवसांत डोंगराचा दगडही नीट दिसतो. खालपासून वरपर्यंत काळ्या बसॉल्टचे थर आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून ते बनले. माथ्यावर लाल जांभा आहे, ज्याचे चिरे कोकणातल्या आपल्या घरांना लागतात. सूरह फातिरमध्ये (35:27) पाऊस, रंगीबेरंगी फळे आणि डोंगरांतले पांढरे, लाल व गडद काळे पट्टे यांचा उल्लेख एकाच आयतीत येतो. वाटेवर बसून आम्ही ती आयत तर्जुम्यासह वाचतो. समोरच काळे आणि लाल थर असतात, त्यामुळे समजावण्याची गरज पडत नाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. म्हणजे थंडीत अस्र लवकर येते आणि मगरिबच्या आत खाली उतरायला हवे. वेळेचा हिशेब नमाजांनीच बांधला, की उशीर होत नाही.

उन्हाळा

मार्चमध्ये पळस आणि पांगारा पेटल्यासारखे फुलतात. खाली शेतांत राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतात. एप्रिल-मेमध्ये करवंदे, जांभळे, रानचे आंबे. वाडीतल्या बायका पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसतात. त्यांच्याकडून घासाघीस न करता घ्यावीत.

या दिवसांत पठारावर सावली नाही आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. आम्ही फज्र स्टेशनवर उतरताच अदा करतो, माणशी किमान तीन लिटर पाणी घेतो आणि दहाच्या आत झाडीत शिरतो. डबाही ऋतूप्रमाणे बदलतो : थंडीत खिमा-चपाती चालते, उन्हाळ्यात खिमा दुपारपर्यंत खराब होतो. तेव्हा सुकी बटाट्याची भाजी, खजूर आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी बरे. वाळलेल्या गवताजवळ चूल किंवा सिगारेट पेटवू नये. एका ठिणगीने सगळा उतार जळतो.

परदा, वजू आणि नमाज

'आमच्या मुलींनी डोंगरावर कसे जायचे?' हा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. परदा सुटत नाही, फक्त कपड्यांची बांधणी बदलते. घेरदार बुरखा करवंदीच्या काट्यांत अडकतो आणि उतारावर पायात येतो. सैल सुती सलवार, गुडघ्याखाली येणारा पूर्ण बाह्यांचा कुर्ता, पिनांनी घट्ट बसवलेला स्कार्फ आणि चांगले बूट, यांत परदाही राहतो आणि पायही मोकळे राहतात. घरचे पुरुष सोबत असतातच. मुली बारा-तेराच्या झाल्या की त्यांचे मैदान, सायकल, पोहणे एकेक करून बंद होते आणि मग तिशीत पाठदुखी व पस्तिशीत शुगर सुरू होते. मुलीला घरात बसवण्यापेक्षा सगळ्या घराने तिच्यासोबत बाहेर पडावे, असे आम्हाला वाटते.

अंतर थोडे असल्याने कसर लागू होत नाही. नमाज पूर्णच पढावी. वजूसाठी एक बाटली वेगळी ठेवावी. पाणी जपून वापरले, तर एका बाटलीत दोघांचा वजू होतो. किब्ल्याची दिशा निघण्याआधीच पाहून ठेवावी, ढगात सूर्य दिसत नाही. सहाबा चढ चढताना तकबीर आणि उतरताना तस्बीह म्हणत, असे हदीसमध्ये आले आहे. लहान मुलांना चढणीवर ही सुन्नत शिकवून पाहा, रडगाणे थांबते.

वाट कुणाची?

आपल्यासाठी ही सहल आहे, पण खालच्या वाड्यांतल्या आदिवासी बांधवांसाठी हा रोजचा रस्ता. डोक्यावर भाजी, दूध, लाकूड घेऊन ते माथेरानला जातात. त्यांना आधी वाट द्यावी, सलाम-नमस्कार करावा, घरांचे आणि बायकामुलांचे फोटो काढू नयेत. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे, तर रस्ता, सावली आणि पाण्याच्या जागी घाण करण्याची सक्त मनाई प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली आहे. आमच्या प्रत्येक पिशवीत एक रिकामी पिशवी असते. आपला कचरा तर आणायचाच, वाटेत सापडलेल्या चार बाटल्याही आणायच्या. माथेरानची माकडे पिशवी ओढतात, म्हणून त्यांना खायला घालू नये.

आणि परतताना, गाडी सुरू असेल तर मिनी ट्रेनने उतरावे. नेरळ-माथेरान रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. मुंबईचे दानशूर बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी तिला भांडवल पुरवले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती उभारली. खर्च सुमारे 16 लाख रुपये, रुंदी फक्त दोन फूट, लांबी सुमारे 21 किलोमीटर. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही सर आदमजींनी भूषवले होते. शंभराहून अधिक वर्षे सर्व धर्मांची, सर्व थरांची माणसे त्या रुळांवरून डोंगर चढत आहेत. लोकांची वाट सोपी करणे ही केवढी मोठी खिदमत असते, हे मुलांना त्या गाडीत बसवून सांगावे.

आपल्या गावाजवळ

माथेरान सर्वांना जवळ नाही. कोल्हापूरकरांना पन्हाळा आहे, सातारकरांना यवतेश्वर-कासचे पठार, औरंगाबादच्या वाचकांना दौलताबाद-खुलताबादचे डोंगर. वाट मोठी असण्याची गरज नाही, तीच असण्याची गरज आहे. वर्षातून चारदा जा. जाण्यापूर्वी कुठे चाललो आणि कधी परतणार हे घरी किंवा शेजारी सांगून ठेवा, 112 हा आपत्कालीन क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या, आणि पहिल्यांदा वाट माहीत असलेल्या स्थानिक माणसाला योग्य मोबदला देऊन सोबत घ्या.

मुलांना एक वही द्या. प्रत्येक फेरीला तारीख दोन्ही कॅलेंडरची लिहायची, आणि खाली काय फुलले, काय वाळले, ओढ्याला पाणी होते की नव्हते, हे नोंदवायचे. दोन-तीन वर्षांनी तीच वही उघडून पाहा. सफर महिन्यात एकदा सोनकी फुललेली असेल, तर काही वर्षांनी त्याच महिन्यात भाताची लावणी. चंद्राचा आणि सूर्याचा हिशेब वेगवेगळा चालतो आणि दोन्ही त्याच्याच हुकमाने, हे मुले आपल्याच अक्षरात वाचतील, इन्शाअल्लाह.